आरमारी लढाईतील जय-पराजय कसा ठरवावा?

जमिनीवरील लढाईचा निकाल लावणे तुलनेने सोपे असते. रणभूमी कोणाकडे राहिली, किल्ल्यावर निशाण कोणाचे चढले, तोफा कोणी नेल्या, यांवरून तो कळतो. धाराशिव जिल्ह्यातील परांड्याच्या किल्ल्यावरची ‘मुलूखमैदान’ तोफ १६३२ साली विजापूरला नेण्यात आली. ती आजही तेथील बुरुजावर पाहता येते. समुद्र मात्र असा पुरावा मागे ठेवत नाही. फुटलेले जहाज बुडते, प्रेते वाहून जातात आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही पक्ष आपणच जिंकल्याचे लिहून ठेवतात.

म्हणूनच शिडाच्या जहाजांच्या युगातील लढायांना दोन वेगवेगळ्या कसोट्या लावाव्या लागतात. पहिली, कोणाची किती जहाजे बुडाली वा पकडली गेली. दुसरी, ज्या हेतूने आरमार बाहेर पडले तो हेतू साधला काय. या दोहोंची उत्तरे पुष्कळदा परस्परविरुद्ध येतात. १ जून १७९४ रोजी अटलांटिक महासागरात ब्रिटिशांनी फ्रेंचांची सहा जहाजे पकडली व एक बुडाले. परंतु अमेरिकेहून येणारा धान्याचा ज्या ताफ्याच्या रक्षणार्थ फ्रेंच लढले, तो ताफा सुखरूप फ्रान्सला पोहोचला. साहजिकच दोन्ही देशांत विजयोत्सव झाला.

महाराष्ट्रातील याचे उत्तम उदाहरण म्हणजे खांदेरीची लढाई होय. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी अलिबागजवळील थळच्या समोरील या बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबई बंदराच्या तोंडाशीच मराठ्यांचे ठाणे होणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी बेटाला वेढा घातला. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी (इंग्रजांच्या तत्कालीन जुन्या पंचांगानुसार) दौलतखानाच्या नेतृत्वाखाली मराठ्यांची पन्नासच्या आसपास गलबते पहाटे इंग्रजांवर चालून आली. ‘डोव्ह’ या गुराबेने निशाण उतरवले व तिच्यावरील लोक कैद झाले. कॅप्टन केग्विन याच्या ‘रिव्हेंज’ने मात्र तोफांचा मारा करून हल्ला परतवला. पाच गलबते बुडवल्याचा दावा इंग्रजी वृत्तान्तात आढळतो.

त्या एका दिवसापुरते पाहिले तर मराठी आरमार मागे हटले, हे खरे. तथापि वेढा फसला. मराठ्यांच्या होड्या रात्री रसद पोहोचवीत राहिल्या, तट चढत गेला आणि १६८० च्या प्रारंभी इंग्रजांना माघार घेऊन तह करावा लागला. बेट मराठ्यांकडेच राहिले. अर्थात हा विजयही निर्भेळ नव्हता. त्याच सुमारास सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाणे बसवून खांदेरीला कायमचा शह दिला.

मनुष्यहानीचा हिशेब याहून कठीण आहे. शत्रूच्या मृतांचा आकडा हा बहुधा दुरून बांधलेला अंदाज असतो. बुडालेले गलबत म्हणजे त्यावरील सर्व माणसे मेली असे नव्हे. किनारा जवळ असल्यास अनेकजण पोहून वा दुसऱ्या होडीत चढून वाचत. जखमी म्हणून नोंदलेला खलाशी पुढे आठवड्याने दगावला, तरी यादीत तो जखमीच राहत असे. शिवाय कंपनीच्या कागदांत युरोपीय सैनिकांची जितकी दखल घेतली जाई, तितकी त्यांच्याच होड्यांवरील देशी खलाशांची बहुधा घेतली जात नसे. त्यामुळे छापील आकडा हा मेलेल्या माणसांचा नसून मोजल्या गेलेल्या माणसांचा असतो.

यास्तव अशा लढायांविषयी वाचताना काही पथ्ये पाळावीत. आकडा कोणी व कोणाविषयी दिला हे प्रथम पाहावे. पकडलेले जहाज व कैदी यांची नोंद गमावणाऱ्या पक्षाच्याच कागदांत असेल, तर ती अधिक विश्वसनीय मानावी. ‘डोव्ह’ची हानी इंग्रजांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. बुडवलेल्या गलबतांचा आकडा मात्र ‘दावा’ म्हणूनच सांगावा. आणि निकाल देताना लढाईचा दिवस व मोहिमेचा शेवट यांची गल्लत करू नये. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीचा समावेश आहे. जो तट उभा राहू नये म्हणून इंग्रज लढले, तो तट तेथे उभा राहिला, हे या निर्णयातील सर्वांत भक्कम प्रमाण होय.