पहिल्या ५१२ बाइट्सची कुळकथा

जुन्या कॉम्प्युटरला वेग यावा म्हणून नवा एसएसडी बसवायचा, त्यावर विंडोज टाकायची आणि जुनी हार्ड डिस्क फोटो-गाण्यांसाठी आत तशीच राहू द्यायची, हा आता घरोघरचा रिवाज आहे. वर्ष-दोन वर्षांनी ती जुनी डिस्क कुरकुर करू लागते, म्हणून काढली जाते. मग बटण दाबलं की काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटते: बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही. विंडोज तर नव्या डिस्कवर आहे, फायलींना धक्काही लागलेला नाही. मग कॉम्प्युटर सुरू का होत नाही? याचं उत्तर त्याच्या सुरू होण्याच्या पद्धतीत आहे आणि त्या पद्धतीचं कूळ सत्तर वर्षांहून जुनं आहे.

मूळ पेच असा. प्रोसेसर फक्त मेमरीत असलेल्या आज्ञा पाळतो आणि वीज आली त्या क्षणी मेमरी कोरी असते. डिस्कवरचा प्रोग्राम मेमरीत आणायला आधी एक प्रोग्राम लागतो. तो पहिला कुठून आणायचा?

१९५२ साली जाहीर झालेल्या आयबीएम ७०१ या यंत्रावर त्यासाठी 'लोड' नावाचं बटण होतं. ते दाबलं की पंच कार्ड, टेप किंवा ड्रमवरून अगदी सुरुवातीच्या आज्ञा आत येत आणि त्याच पुढच्या आज्ञा ओढून आणत. आधी थोडं, मग त्या थोड्याच्या बळावर सगळं, ही युक्ती आजही तीच आहे.

लहान यंत्रांना मात्र हे बटणही परवडत नव्हतं. १९७५ च्या अल्टेअर ८८०० वर पहिल्या आज्ञा हातानं भराव्या लागत. समोरच्या पट्टीवरचे आठ खटके वर-खाली करून एक बाइट मांडायचा, 'डिपॉझिट'चा खटका दाबायचा, की पुढचा बाइट. एक खटका चुकला की सगळं मुसळ केरात. त्या वर्षी पॉल ॲलन आपण आणि बिल गेट्स यांनी अल्टेअरसाठी लिहिलेली बेसिक भाषेची आवृत्ती कागदी टेपवर घेऊन, ती यंत्रावर चालवून दाखवायला अल्बुकर्कीला निघाले. विमान उतरायच्या बेतात असताना त्यांच्या ध्यानात आलं, की टेप वाचून घेणारा छोटा लोडर लिहायचाच राहिला आहे. तो त्यांनी विमानातच कागदावर थेट मशीनच्या भाषेत लिहून काढला. तिथे पोचल्यावर खटक्यांनी तो यंत्रात भरला, टेप चालली आणि दोन अधिक दोन विचारल्यावर यंत्रानं चार असं उत्तर दिलं. तो एवढासा लोडर नसता, तर टेपवरची सारी मेहनत निकामी ठरली असती.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमचा पीसी आला आणि खटक्यांची जागा बायॉसनं घेतली. कायमस्वरूपी चिपमध्ये कोरलेला हा प्रोग्राम वीज येताच यंत्र तपासतो, मग डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट्स, मेमरीत आणतो आणि सूत्रं त्याच्या हाती देतो. डिस्कवर पुढे काय आहे याची बायॉसला काहीच माहिती नसते.

मार्च १९८३ मध्ये १० एमबीची हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी आला. त्याच्यासोबतच्या डॉस २.० नं या ५१२ बाइट्सची वाटणी ठरवली. ४४६ बाइट्स प्रोग्रामला. ६४ बाइट्स डिस्कच्या भागांच्या तक्त्याला, प्रत्येक भागाला १६, म्हणून मुख्य भाग चारच. उरलेले दोन बाइट्स ओळखीची खूण. हाच मास्टर बूट रेकॉर्ड, एमबीआर. बायॉस आधी फ्लॉपी बघे, मग हार्ड डिस्क. त्यामुळे ड्राइव्हमध्ये चुकून फ्लॉपी राहिली की यंत्र तिथेच अडे. नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर वापरला, त्यांना 'नॉन-सिस्टिम डिस्क' हा संदेश पाठ असेल. डिस्क धडधाकट असताना यंत्र न उठण्याचा प्रकार तेव्हापासूनचा.

पहिल्या सेक्टरवरच्या या आंधळ्या भरवशाचा फायदा व्हायरसवाल्यांनीही घेतला. १९८६ मध्ये लाहोरमध्ये तयार झालेला 'ब्रेन' फ्लॉपीच्या याच सेक्टरमध्ये ठाण मांडून बसे. शिवाय तक्त्यातले आकडे ३२ बिटांचे असल्यानं ५१२ बाइट्सच्या सेक्टरांची डिस्क २ टीबीच्या पुढे मोजताच येत नव्हती.

इंटेलनं नव्वदच्या दशकात इटॅनियम प्रोसेसरसाठी ईएफआय नावाची नवी पद्धत आखली. २००५ पासून ती अनेक कंपन्यांच्या सामाईक मंडळाकडे गेली आणि यूईएफआय झाली. आता ५१२ बाइट्सची कोंडी संपली. डिस्कवर एक छोटं स्वतंत्र पार्टिशन असतं, बहुधा शंभर ते काहीशे एमबीचं. त्यात सुरुवातीच्या फायली राहतात आणि त्यांचा पत्ता मदरबोर्ड लक्षात ठेवतो.

आपलं कोडं इथे सुटतं. विंडोजच्या इन्स्टॉलरला नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना आधीपासून असं पार्टिशन जुन्या डिस्कवर दिसलं, तर तो सुरुवातीच्या फायली तिथेच ठेवतो. नव्या घराची किल्ली जुन्या घरी राहावी, तसा हा प्रकार आहे. एमबीआरच्या जमान्यातही हेच होई, बूट फायली पहिल्या डिस्कवरच्या सक्रिय भागात जाऊन बसत.

म्हणून उपायही सोपा आहे. आधी जुनी डिस्क परत जोडून बघा. यंत्र उठलं, तर निदान पक्कं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ईएफआय पार्टिशन कोणत्या डिस्कवर आहे ते पाहा. जुन्या डिस्कवर असेल, तर ती पुन्हा काढून विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करा आणि शिफ्ट-एफ१० दाबून कमांडची खिडकी उघडा. 'डिस्कपार्ट'नं नव्या डिस्कवरच्या विंडोजच्या पार्टिशनच्या शेवटून काहीशे एमबी मोकळे करा, तिथे ईएफआय पार्टिशन बनवून ते फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि त्याला एक अक्षर द्या. मग 'बीसीडीबूट' या आज्ञेला विंडोजचं फोल्डर आणि हे अक्षर सांगा. बूटच्या फायलींची मूळ प्रत विंडोजच्या फोल्डरमध्येच असते, ती नव्या पार्टिशनमध्ये उतरते. या खिडकीत ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणून आधी विंडोज कोणत्या अक्षरावर आहे ते तपासा. डिस्क बिटलॉकरनं बंद असेल, तर रिकव्हरी की हाताशी हवी. विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीची असेल, तर ईएफआय पार्टिशनऐवजी नव्या डिस्कवरचा योग्य भाग सक्रिय करून त्यावर बूट फायली लिहाव्या लागतात.

हा बिघाड डेटाचा नाही, पत्त्याचा आहे. म्हणून 'फॉरमॅट मारावा लागेल' असं कुणी म्हणालं, तर बूट फायली कुठे आहेत हे त्याला आधी विचारा. आणि पुढच्या वेळी नव्या डिस्कवर विंडोज टाकताना बाकीच्या सगळ्या डिस्कच्या केबली आधी काढून ठेवा. मग जुनी डिस्क कधीही काढली, तरी कॉम्प्युटर सुरू होईल.