प्रकाशाची साक्ष

पदार्थाचे घटक जाणावयाचे तर त्याला आम्लात विरघळवावे वा भट्टीत तापवावे, ही रसायनशास्त्राची जुनी वहिवाट. परंतु १८५९ मध्ये हायडेलबर्ग येथे किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी रंगहीन ज्योतीत क्षार धरून तिचा प्रकाश लोलकातून पाहिला, तेव्हा प्रत्येक मूलद्रव्याच्या तेजस्वी रेषा निराळ्या व अढळ असतात याचा निर्विवाद दाखला त्यांना मिळाला. पुढल्याच वर्षी खनिज जलातील अनोळखी निळ्या रेषांवरून सीझियम हाती आले.

प्रकाशरेषांवरून द्रव्य ओळखण्याच्या या विद्येच्या इतिहासात तत्कालीन दक्षिण मराठा मुलखातील पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानाचेही स्थान आहे, आणि ते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसावे याची मला मनस्वी खंत वाटते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी तेथे मुक्काम केला, आणि ऐन पावसाळ्याचे ढग वारंवार आड येत असतानाही सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या प्रकाशात त्यांनी तांबडी, नारिंगी व निळी अशा तीन रेषा टिपल्या. त्यांतील नारिंगी रेषा त्यांनी सोडियमची मानली. ती तशी नव्हे, हे त्याच वर्षी इंग्लंडात लॉकयर यांच्या निरीक्षणांतून दिसू लागले. ती रेषा ज्या द्रव्याची होती ते म्हणजे हेलियम, जे पृथ्वीवरील खनिजात रॅम्झे यांना १८९५ मध्ये सापडले.

१९६० मध्ये लेसर अवतरल्यावर ज्योतीचीही गरज उरली नाही: क्षणार्धाचा किरणाघात खडकाचा अत्यल्प अंश तप्त आयनद्रव्यात परिवर्तित करतो, त्याच्या प्रकाशातील रेषा घटक सांगतात, आणि २०१२ पासून ‘क्युरिऑसिटी’ हे यान मंगळावरील पाषाणांची परीक्षा याच रीतीने, कित्येक मीटर अंतरावरून करीत आले आहे.