पुरातली वाट

नदीकाठच्या समाजाचा इतिहास आपण बहुधा घाट, देवळे आणि संस्थाने यांच्या आधारे लिहितो. त्याच्या जलमार्गांचा इतिहास मात्र उपेक्षितच राहिला आहे. कृष्णाकाठ हे याचे ठळक उदाहरण होय. १९२९ साली सांगलीचा आयर्विन पूल खुला झाला. पुढे ठिकठिकाणी पूल झाले, तसतशी नाव मागे पडली. आणि तिच्यासोबत पाण्याची ओढ, भोवरा व उतार ओळखणारे नावाड्याचे ज्ञानही.

महापूर हा क्रम उलटा फिरवितो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली, कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि रस्त्यांनी जोडलेली गावे पुन्हा बेटे झाली. अशा वेळी या ऊसपट्ट्यात गुऱ्हाळावरची काहीलही नावेच्या कामी येते. रस आटविण्याचे हे रुंद, उथळ पात्र माणसांना तारून नेते खरे. परंतु त्याला सुकाणू नसते, ओढीत सापडले की ते गरगरते.

कृष्णा-येरळा संगमावरील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पूरग्रस्तांनी खच्चून भरलेली बोट उलटली. दहाहून अधिक जण बुडाले. या घटनेची केवळ अपघात म्हणून नोंद करून भागणार नाही. पुलाने नदी ओलांडणे सुकर केले. नदी जाणण्याची गरज तशीच राहिली. पाणीपातळीचे आकडे आपण जपले आहेत. ज्या हातांनी त्या पाण्यातून माणसे पैलतीरी नेली, त्यांचे ज्ञान नोंदविणे हे इतिहासकाराचे उरलेले कर्तव्य होय.