तांबड्या टेकडीचा लोहमार्ग

हिंदुस्थानातील पहिली आगगाडी कोणती, असा प्रश्न महाराष्ट्रात विचारला तर शाळकरी पोरही उत्तर देईल. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली ती. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिची तीन एंजिने, चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि एकवीस तोफांची सलामी. हे उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. उतारूंची नियमित ने-आण करणाऱ्या लोहमार्गाचा आरंभ त्या दिवशी झाला यात शंका नाही. पण या देशात लोखंडी रुळांवर वाफेचे एंजिन धावले ते त्याच्या सोळा वर्षे आधी, आणि तेही मुंबईत नव्हे, मद्रासेत. त्या गाडीला ना सलामी मिळाली, ना तिच्यात कोणी जहागीरदार बसले. तिच्यात दगड भरलेले होते.

आजच्या चेन्नई शहराच्या वायव्य अंगास अंबत्तूर नावाचे उपनगर आहे. तेथून ओरगडम ओलांडून उत्तरेकडे निघाले म्हणजे वाट रेड हिल्सला पोहोचते. दाट घरवस्ती आणि कारखाने यांच्यापलीकडे पुळल तलावाचे विस्तीर्ण पाणी दिसते. १८७६ सालापासून मद्रास शहर हे पाणी पीत आले आहे, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात हाच तलाव कोरडा पडला तेव्हा साऱ्या शहराच्या तोंडचे पाणी पळाले होते. रेड हिल्स हे साहेबाने केलेले भाषांतर. तमिळ नाव सेंगुंड्रम, म्हणजे तांबडी टेकडी. हा तांबडेपणा ज्या दगडाचा, तो कोकणी माणसाला परका नाही. रत्नागिरीच्या घरांच्या भिंती, विहिरींची बांधकामे आणि गडगे ज्या जांभ्याचे असतात, तोच हा दगड. खाणीतून काढताना मऊ, आणि वारा लागला म्हणजे कठीण. फ्रान्सिस ब्यूकॅनन याने मलबारात तो पाहिला आणि १८०७ साली, विटेला लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्यावरून, त्याला लॅटराइट असे नाव दिले.

मद्रास शहर वसले आहे ते समुद्रकाठच्या सपाट, मातकट जमिनीवर. ईशान्येचा पावसाळा आला की तेथील रस्त्यांचा चिखल होई आणि बैलगाडीची चाके त्यात रुतून बसत. रस्त्यावर जांभ्याचा मुरूम घालून तो चोपला तर रस्ता टिकतो, हे अनुभवाने कळले होते. पण मुरूम तांबड्या टेकडीजवळ आणि रस्ते शहरात. रस्ता बांधण्यासाठी लागणारा दगड आणावा, तर तो आणायलाच आधी चांगला रस्ता हवा. हा पेच वरवर हास्यास्पद वाटतो. खर्चाची वही ज्याच्या हाती होती त्याला मात्र तो हास्यास्पद वाटला नसावा.

मद्रास इलाख्यात लोहमार्गाची पहिली सूचना १८३२ साली पुढे आली होती. इंग्लंडात लिव्हरपूल ते मँचेस्टर हा मार्ग सुरू होऊन त्या वेळी दोनच वर्षे झाली होती. तेव्हा मद्रासने फार उशीर केला असे कोणी म्हणू शकणार नाही. सूचनेला प्रत्यक्ष रूप येण्यास आणखी चार-पाच वर्षे गेली. १८३६ च्या सुमारास चिंताद्रिपेट येथील पुलाजवळ प्रयोगादाखल रुळांचा एक लहानसा तुकडा टाकण्यात आला. ही जागा कूम नदीच्या वळणावर आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७३४ साली कापडाच्या व्यापारासाठी येथे विणकरांची वसाहत केली. लहान मागांची पेठ, असा तिच्या नावाचा अर्थ सांगतात. एक शतक उलटल्यावर त्याच पेठेत मागांच्या खटखटाटाशेजारी लोखंडावर लोखंड फिरू लागले.

पुढे १८३७ साली तांबड्या टेकडीपासून चिंताद्रिपेटच्या पुलापर्यंत गाडी आली. त्याच वर्षी रशियाचा पहिला लोहमार्ग सुरू झाला, आणि जर्मनीत पहिली गाडी धावून अवघी दोन वर्षे झाली होती. या मार्गामागचा स्थापत्यविशारद कॅप्टन आर्थर कॉटन हा होता. १८०३ साली जन्मलेला हा अधिकारी मद्रास इंजिनिअर्स या पलटणीतला. कावेरीच्या कोलेरून फाट्यावर १८३६ साली बांधलेल्या बंधाऱ्यांनी त्याचे नाव नुकतेच झाले होते.

या मार्गावर आणलेले एंजिन मोठे चमत्कारिक होते. विल्यम एव्हरी या अमेरिकन कारागिराच्या पद्धतीचे ते फिरते एंजिन होते. स्टीफन्सनच्या एंजिनात वाफ दट्ट्याला पुढे-मागे ढकलते व दांडा चाक फिरवितो. एव्हरीने दट्ट्याच काढून टाकला. आसाभोवती फिरणारी एक पोकळ भुजा घ्यावी, तिच्या दोन्ही टोकांना परस्परविरुद्ध दिशांना छिद्रे ठेवावीत आणि आतून वाफ सोडावी; वाफ उसळून बाहेर पडते आणि तिच्या उलट धक्क्याने भुजा गरगर फिरू लागते. दिवाळीतल्या भुईचक्राचे तत्त्व याहून निराळे नाही. अलेक्झांड्रियाच्या हेरोने हेच खेळणे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी वर्णिले होते. खेळणे म्हणून ते सुरेख आहे. पण अशा भुजेतून खरे काम काढायचे तर तिला भयंकर वेगाने फिरावे लागते, आणि तो वेग गाडीच्या चाकांच्या धिम्या गतीत उतरवताना बरीच वाफ फुकट जाते. वाफेच्या फिरत्या यंत्राचे कोडे खऱ्या अर्थाने सुटले ते १८८४ साली, पार्सन्सच्या टर्बाइनने. म्हणजे मद्रासच्या खाणीवर आलेली कल्पना आपल्या काळाच्या जवळजवळ अर्धशतक आधी जन्मली होती, आणि वेळेआधी जन्मलेल्या कल्पनेचे जे व्हायचे तेच तिचे झाले.

१८४५ साली हा मार्ग बंद झाला. जेमतेम आठ वर्षांचे त्याचे आयुष्य. त्याला उतारू नव्हते, दुसरा व्यापारी माल नव्हता. एका खाणीपासून एका पेठेपर्यंत एकाच जातीचा माल वाहणे एवढाच त्याचा संसार. अशा मार्गाचे भवितव्य त्या एका मालाच्या हिशेबावर टांगलेले असते. मुंबई-ठाणे मार्गाचे भाग्य वेगळे ठरले याचे कारण एंजिनात शोधू नये, ते करारात शोधावे. १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीशी झालेल्या करारान्वये भांडवलावर दरसाल शेकडा पाच टक्के व्याजाची हमी सरकारने घेतली. गाडीला तोटा आला तर तो हिंदुस्थानच्या रयतेने भरायचा, अशी तजवीज असल्यावर लंडनचा भागधारक पैसे घालण्यास कचरेल कशाला? तांबड्या टेकडीच्या पाठीशी असा कोणी रयतेचा खजिना उभा नव्हता.

मार्ग बंद झाला त्या सुमारास कॉटन गोदावरीच्या मुखाकडे गुंतला होता. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली आपली गोदावरी राजमहेंद्रीजवळ मैल-मैल रुंद होते आणि कॉटनच्या काळापर्यंत तिचे पाणी समुद्रात फुकट जात असे. १८३० नंतरच्या दशकात त्या मुलुखाने भीषण दुष्काळ पाहिला होता. धवळेश्वरम येथे कॉटनने बंधारा घातला व १८५२ साली काम पुरे झाले. तेथे दगड वाहण्यासाठी त्याने पुन्हा रूळच टाकले होते. लोहमार्गाचा उपयोग त्याला कोणी शिकवायचे कारण नव्हते.

आणि तरीही याच कॉटनने पुढची चाळीस-पन्नास वर्षे हिंदुस्थानातील लोहमार्गांविरुद्ध आपली वाणी व लेखणी झिजवली. त्याचे म्हणणे साधे होते. आगगाडी धान्य वाहते, धान्य पिकवीत नाही; कालवा दोन्ही करतो, आणि सावकाश चालणाऱ्या नावेला ओढायला आगगाडीपेक्षा कितीतरी कमी शक्ती पुरते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन व मद्रास इलाख्यात लक्षावधी माणसे मेली, तेव्हा १८७८ साली पार्लमेंटच्या समितीपुढे वृद्ध कॉटनने हेच मांडले. समितीला ते पटले नाही. विरोधकांच्या हाती एक पुरावाही होता: त्याच्या पाठबळाने काढलेल्या मद्रास इरिगेशन कंपनीचा कर्नूल-कडप्पा कालवा हमीच्या व्याजावर उभा राहून पार बुडाला आणि १८८२ साली सरकारला तो विकत घ्यावा लागला. कॉटन आपल्या मताला नको तितका चिकटून राहिला, असेच म्हणावे लागेल. मात्र अवजड, स्वस्त माल लोखंडावरून वाहण्याचा हिशेब त्याने प्रथम कोठे पाहिला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या हट्टाचे मूळ तांबड्या टेकडीच्या रुळांत असावे असे मानण्यास जागा आहे. १८९९ साली, शहाण्णवाव्या वर्षी, तो इंग्लंडात मरण पावला. गोदावरीच्या मुखाकडील शेतकरी अजून त्याच्या पुतळ्यांना हार घालतात. रेल्वेच्या इतिहासात त्याला क्वचितच कोणी आठवते.

जुन्या एंजिनांचे कौतुक चेन्नईला नाही असे नाही. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने २००२ साली रेल्वेचे संग्रहालय उघडले आणि उटीच्या डोंगरी गाडीचे जुने वैभव तेथे मांडले. १८५५ साली बांधलेले ‘एक्सप्रेस’ नावाचे एंजिन एका शतकाहून अधिक काळ शोभेची वस्तू म्हणून उभे होते. पेरांबूरच्या कारागिरांनी त्याची दुरुस्ती केली आणि २०१० च्या स्वातंत्र्यदिनी ते पुन्हा धावले. १८५६ साली उघडलेले रायपुरमचे स्थानकही उभे आहे. लोखंड आणि विटा जतन करता येतात. जो मार्ग खाणकामापुरता जगला, ज्याच्यावर कोणी तिकीट काढून बसला नाही आणि ज्याची आठवण सांगणारे आजोबा कोणत्याही घरी झाले नाहीत, तो संग्रहालयाच्या दारापर्यंत पोहोचावा कसा?

कॉटनच्या आवडत्या जलमार्गाचे काय झाले, तेही चेन्नईतच पाहावयास मिळते. १८०६ च्या सुमारास पुरा झालेला कोक्रेनचा कालवा वाढत वाढत किनाऱ्याने शेकडो मैल गेला. १८७८ साली दुष्काळी काम म्हणून त्याचा शहरातील दुवा खणला गेला आणि गव्हर्नराच्या नावाने तो बकिंगहॅम कालवा झाला. मीठ, सरपण, भात यांनी लादलेल्या नावा त्यातून हिंडल्या. पुढे मोटारी आल्या, वादळांनी काठ फोडले, शहराची घाण पात्रात उतरली. १९९५ ते १९९७ या काळात चेन्नईची उन्नत लोकल गाडी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिचे एक स्थानक चिंताद्रिपेटलाच आहे. दीडशेहून अधिक वर्षांनी त्या पेठेत पुन्हा गाडी थांबू लागली. तेथून मैलापूरकडे निघालेली गाडी बकिंगहॅम कालव्याची सोबत धरते, आणि कित्येक ठिकाणी तिचा भार पेलणारे सिमेंटचे खांब कालव्याच्या पात्रातच रोवलेले आहेत.