भट्टी, पिठा आणि टॅपरूम

वऱ्हाडांतील मलकापूरच्या स्थानकावरून मुंबईकडे निघालेली आगगाडी भुसावळ, मनमाड, नाशिक हीं गांवें मागें टाकून देवळालीस येते. हा लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरापर्यंत पोंचला आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे वाहूं लागला. त्याच मार्गावरील देवळालीच्या छावणींत स्वदेशीं परतणारे गोरे शिपाई जहाजाची वाट पाहात पडून राहात. जहाजें वर्षभर सुटत नसत. उन्हाळा, रिकामपण, दारू आणि हिंवताप यांनीं माणसें भ्रमिष्ट होत. शिपायांच्या जिभेवर देवळालीचें 'डुलाली' झालें, त्यास आपल्याकडील 'ताप' हा शब्द 'टॅप' होऊन चिकटला, आणि 'डुलाली टॅप' म्हणजे डोकें फिरणें असा वाक्प्रचार इंग्रजींत रूढ झाला. पुढें २००९ सालीं पुण्यांत महाराष्ट्रांतील पहिला बिअरचा लघुकारखाना निघाला, तेव्हां त्याच्या चालकांनीं हेंच नांव त्यास दिलें. मधल्या काळांत महाराष्ट्रांत दारू कोणी करावी, कोणी विकावी आणि तिचा पैसा कोणाच्या पदरीं पडावा, याचा मोठा झगडा होऊन गेला होता.

मलकापूरच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आहे. फाल्गुन-चैत्रांत त्या रानांतील मोहाच्या झाडांखालीं पहांटे फुलांचा सडा पडतो. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. तीं कांहीं दिवस पाण्यांत भिजत घातलीं कीं आंबतात. मग मडक्यांत उकळून निघणारी वाफ थंड केली कीं दारू उतरते. आदिवासी कुटुंबास हें फूल पोटासाठींही लागे. टंचाईच्या महिन्यांत तें भाजून वा शिजवून खात. दारू देवकार्यास, लग्नास व मयतास लागे, आणि ती गाळणारा व पिणारा एकाच पाड्यांतले असत. मोठ्या गांवांत हें काम कलालाचें. त्या काळीं व्यसन नव्हतें असें कोणी म्हणूं नये. परंतु वाईट माल देणाऱ्यास दुसऱ्या दिवशीं त्याच गिऱ्हाइकांपुढें उभें राहावें लागे, एवढा धाक तरी होता.

१८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. इंग्रजी राज्यांत आबकारी ही उत्पन्नाची मोठी बाब ठरली. शेजारच्या मुंबई इलाख्यांत १८७८ चा आबकारी कायदा झाला. लहान भट्ट्या मोडून सरकारी देखरेखीखालील मोठ्या भट्ट्यांकडे काम गेलें, आणि उरणच्या भट्ट्या त्यासाठीं प्रसिद्ध झाल्या. १८९२ सालीं तर ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांसाठीं खुद्द मोहाच्या फुलांवरच कायदा आला. जें फूल गरिबाचें अन्न होतें, तें बाळगणें हा गुन्हा होऊं लागला. विक्रीची दुकानें लिलावानें दिलीं जात. लिलावांत भरलेली रक्कम मक्तेदारानें गिऱ्हाइकाच्याच खिशांतून काढावयाची, हें उघड होतें. खप वाढला म्हणजे दुकानदाराचें उत्पन्न वाढे आणि पुढील वर्षीं बोलीही वाढे. अशा रीतीनें दुकानदाराचा व तिजोरीचा हिशेब एक झाला, आणि गांवच्या भट्टीच्या जागीं 'पिठा' आला.

बिअर हें पेय या देशांत आलें तें गोऱ्यांसाठीं. लंडनमधील हॉजसन यांच्या कारखान्याचीं पिंपें केप ऑफ गुड होपला वळसा घालून कित्येक महिन्यांनीं हिंदुस्थानच्या बंदरांत पोंचत. एकोणिसाव्या शतकांत एडवर्ड डायर यानें हिमालयांतील कसौलीस, थंड हवा व झऱ्याचें पाणी पाहून, येथल्या येथें बिअर करण्यास आरंभ केला. जालियनवाला बागेंत गोळीबार करविणारा जनरल डायर हा त्याचाच मुलगा.

पिठ्यांविरुद्ध महाराष्ट्रांत लवकरच आवाज उठला. पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुले यांनीं १८८० सालीं नव्या दुकानांस विरोध केला. १९०८ सालीं टिळकांच्या प्रेरणेनें पुण्यांतील पिठ्यांवर स्वयंसेवकांचे पहारे बसले. १९१९ सालीं गडकऱ्यांचें 'एकच प्याला' रंगभूमीवर आलें आणि सुशिक्षित घरांतील सिंधूचें दुःख सर्वांस दिसलें. मध्यप्रांत व वऱ्हाडांत १९३८ सालीं दारूबंदीचा कायदा झाला. मुंबई राज्याचा कायदा १९४९ चा. तो १९५९ सालीं विदर्भास लागू झाला. पुढें निर्बंध सैल झाले, तरी पिणाऱ्यानें परवाना घेतला पाहिजे हें कलम त्या कायद्यांत राहिलेंच. वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत पूर्ण बंदी आली. चंद्रपुरास ती २०१५ पासून २०२१ पर्यंत होती. गांवोगांवच्या बायकांस तर मतदानानें दुकान बंद करण्याचा हक्क मिळाला, आणि 'आडवी बाटली' ही निशाणी त्या लढ्याची खूण झाली.

अशा पार्श्वभूमीवर पुण्याचा हा लघुकारखाना उघडला. अशा जागीं पाहुणा प्रथम पाहतो तीं कांचेपलीकडचीं चकचकीत पिंपें. मोड आणून वाळविलेलें जव किंवा गहूं भरडून सुमारें ६५ अंश उष्ण पाण्यांत ठेवतात, म्हणजे पिठाची साखर होते. तो गोड रस गाळून हॉपच्या कडवट फुलांसह उकळतात, निववितात आणि त्यांत किण्व घालतात. पुढें कांहीं दिवसांनीं शेंकडा पांचाच्या आसपास मद्यार्क असलेली बिअर तयार होते आणि पलीकडच्याच टॅपरूममध्यें तोटीखालीं पेला धरला जातो. करणारा तेथेंच हजर असतो. धान्य कोणतें व पिंप केव्हांचें, हें त्यास विचारतां येतें. पुण्यांतील दुसऱ्या एका कारखान्यानें मीठ व कोकम घालून बिअर केली. कोंकणच्या सोलकढीशीं तिचें नातें कोणासही ओळखूं यावें.

येथें कलालाच्या भट्टीचाच एक गुण परत आलेला दिसतो. मालाची ओळख आहे, करणाऱ्याचा चेहरा आहे. परंतु तो परत आला आहे शहराच्या सुखवस्तु वस्तींत, जेथें एका पेल्यास मजुराची निम्मी रोजी सहज लागते. मोहाच्या फुलाची सुटका मात्र फार सावकाश झाली. तें गोळा करण्यावरील व वाहून नेण्यावरील निर्बंध महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं उठविले. सातपुड्यापलीकडे मध्यप्रदेशानें आदिवासींच्या मोहाच्या दारूस वारसा मद्य म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रांतील पाड्यावरची मडकीं परवान्याशिवाय तापलीं, तर अजूनही पोलिसांचीच वाट धरावी लागते.

तेव्हां दारू चांगली कीं वाईट, एवढ्यावरच हा प्रश्न संपत नाहीं. आडवी बाटली मागणाऱ्या बाईचा राग खरा आहे, आणि आपल्या रानांतील फुलावर हक्क सांगणाऱ्या आदिवासीचें म्हणणेंही खरें आहे. दोघांचेंही वैर ज्याच्याशीं आहे, तो अनोळखी, लिलावावर चालणारा आणि खपावर जगणारा पिठा. पुण्याच्या टॅपरूममध्यें बसणाऱ्यानें पेल्यावर कोरलेलें नांव वाचावें आणि देवळालीच्या छावणीबरोबर मलकापूरच्या वरल्या अंगास असलेल्या त्या मोहाच्या झाडांचीही आठवण ठेवावी.