पर्सीला वाचता का येत नव्हते?

नोव्हेंबर १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या साप्ताहिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. लेखक होते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सीफर्ड या गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन. त्यांच्यापुढे आलेला मुलगा चौदा वर्षांचा होता. टिपणात त्याचे नाव पर्सी एवढेच दिले आहे, आडनावाचे फक्त आद्याक्षर. मुलगा हुशार, चपळ, खेळात कुणाला हार न जाणारा. दृष्टी उत्तम. सातव्या वर्षापासून त्याला शाळेत आणि घरी शिकवण्याचे सर्व प्रयत्न झाले होते. तरीही एका अवयवाचे सोपे शब्दही तो मोठ्या कष्टाने वाचत असे. स्वतःचे नाव लिहिताना मधल्या दोन अक्षरांची अदलाबदल होऊन पर्सीचा ‘प्रेसी’ झाला, आणि आपण काही चुकलो हे त्याच्या लक्षातही आले नाही.

गंमत अशी की आकड्यांशी त्याचे वैर नव्हते. ७८,५८,५२,०१७ ही संख्या त्याने भराभर आणि अचूक वाचली. बीजगणितातला दोन वर्गांच्या वजाबाकीचा गुणाकार त्याला येत होता. सात हा आकडा तो सहज ओळखे. तोच शब्दात लिहून दाखवला की अडे. त्याला काही वर्षे शिकवणाऱ्या शिक्षकांचे मत मॉर्गन यांनी नोंदवून ठेवले आहे: सगळे शिक्षण तोंडी असते, तर हा मुलगा शाळेत पहिला आला असता.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या या टिपणातला मुलगा आपल्यापैकी अनेकांना ओळखीचा वाटेल. तोंडी उत्तर देताना हात सर्वांत आधी वर, आणि धडा वाचायला उभे केले की मान खाली. आज आपण याला डिस्लेक्सिया म्हणतो. मॉर्गन यांनी वापरलेला शब्द होता ‘जन्मजात शब्दांधत्व’.

हा शब्द आला कुठून, हे पाहण्यासारखे आहे. १८७७ साली जर्मन वैद्य अॅडॉल्फ कुसमाउल यांनी ‘शब्दांधत्व’ ही संज्ञा वापरली, ती मोठ्या माणसांसाठी. मेंदूला इजा झाल्यावर डोळे, बोलणे आणि बुद्धी शाबूत राहूनही काहींचे वाचन जाई. १८८७ मध्ये स्टुटगार्टचे नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी अशाच रुग्णांसाठी ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द बनवला. १८९२ मध्ये फ्रान्समधील ज्यूल देजेरीन यांनी अशा एका रुग्णाचे शवविच्छेदन प्रसिद्ध केले. हा गृहस्थ लिहू शकत असे, पण स्वतः लिहिलेले त्याला वाचता येत नसे. दोष सापडला तो मेंदूच्या डाव्या गोलार्धाच्या मागच्या भागात. ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शेलवुड यांनी १८९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये शब्दांधत्वावर लेख लिहिला. तो वाचूनच मॉर्गन यांना वाटले की मोठ्यांना इजेनंतर जे होते, ते या मुलाला जन्मतःच असावे.

या यादीत नेत्रवैद्य इतके का, असा प्रश्न पडेल. इंग्लंडमध्ये १८७० च्या शिक्षण कायद्याने सर्वांसाठी शाळा निघू लागल्या आणि १८८० पासून शाळेत जाणे सक्तीचे झाले. जो समाज सर्वांनी वाचावे अशी अपेक्षाच करत नाही, त्यात न वाचणारे मूल उठून दिसत नाही. सक्तीने ते उठून दिसू लागले, आणि पुस्तक नीट दिसत नसेल या समजुतीने पालक त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ लागले. आपल्याकडेही पहिली फेरी चष्म्याच्या दुकानाकडेच होते. या योगायोगाचा परिणाम फार दूरवर गेला. दोष पाहण्यात आहे, ‘शब्दचित्रे’ मेंदूत साठत नाहीत, ही कल्पना पुढे जवळजवळ सत्तर वर्षे टिकली.

हिन्शेलवुड यांनी १९१७ मध्ये ‘जन्मजात शब्दांधत्व’ या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांचे निदान चुकीच्या पायावर उभे होते, पण त्यांचा सल्ला आजही वाचण्याजोगा आहे. अशा मुलाला वर्गात सर्वांबरोबर वाचायला लावू नका, एकट्याला शिकवा. धडा छोटा ठेवा, पण दिवसातून अनेकदा घ्या. आणि संपूर्ण शब्द पाहून पाठ करण्याच्या तेव्हाच्या नव्या पद्धतीऐवजी जुन्या रीतीने, एकेक मुळाक्षर मोठ्याने म्हणत शब्द जुळवू द्या, म्हणजे कानाची स्मृती डोळ्याच्या मदतीला येईल. सिद्धान्त डोळ्यांचा मांडणाऱ्या या डॉक्टरांनी उपाय मात्र कानाचा सांगितला!

पुढचे पाऊल अमेरिकेत पडले. आयोवा राज्यातील मनोरुग्णालयाचे प्रमुख सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ च्या जानेवारीत एका ग्रामीण भागात फिरते चिकित्सालय भरवले. तेथे शिक्षकांनी अभ्यासात मागे पडणारी मुले पाठवली. त्यांत सोळा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला वाचता येत नव्हते. बुद्धिमापन चाचणीत त्याचा गुणांक ७१ आला. पण यंत्रांविषयीच्या प्रश्नांना त्याने दिलेली उत्तरे ऐकून ऑर्टन यांची खात्री पटली की ही चाचणी त्याच्यावर अन्याय करते आहे. अशा मुलांच्या लेखनात बी आणि डी या अक्षरांची गल्लत, शब्दांचा उलटा क्रम ऑर्टन यांना वारंवार दिसला. त्यावरून त्यांनी कल्पना मांडली की मेंदूच्या दोन गोलार्धांत अक्षरांच्या परस्परविरुद्ध, आरशातल्यासारख्या प्रतिमा साठतात आणि डाव्या गोलार्धाचे वर्चस्व पक्के झाले नाही तर त्यांचा गोंधळ उडतो.

ही कल्पना टिकली नाही. १९७० च्या दशकात फ्रँक व्हेलुटिनो यांनी तिची साधी परीक्षा घेतली. हिब्रू लिपी मुळीच न येणाऱ्या मुलांना त्यांनी हिब्रू अक्षरे क्षणभर दाखवली आणि आठवून लिहायला सांगितली. वाचनात मागे असलेली मुले यात चांगल्या वाचकांच्या बरोबरीची ठरली. डोळ्यांना किंवा प्रतिमांच्या स्मृतीला दोष असता, तर अनोळखी लिपीत तो आधी दिसायला हवा होता. आपल्या शाळांत मात्र ‘डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरे उलटी दिसणे’ ही व्याख्या अजून ऐकू येते. अक्षरे उलटी लिहिणे पहिली-दुसरीच्या बहुतेक मुलांत आढळते. त्यावरून निदान करू नये.

ऑर्टन यांचा सिद्धान्त गेला, पण त्यांच्या सोबतीने उभी राहिलेली शिकवण्याची रीत राहिली. ती घडवली दोन स्त्रियांनी. अॅना गिलिंगहॅम या न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलमध्ये मानसशास्त्रज्ञ होत्या आणि बेसी स्टिलमन तेथेच शिक्षिका. १९३० च्या दशकात दोघींनी मिळून शिक्षकांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली आणि प्रत्यक्ष मुलांवरून ती पुनःपुन्हा सुधारली. स्टिलमन १९४७ मध्ये आणि गिलिंगहॅम १९६३ मध्ये वारल्या.

त्यांचा पाठ कसा चाले, हे थोडे तपशिलाने सांगतो. सुरुवात फक्त दहा रोमन अक्षरांनी: ए, बी, एफ, एच, आय, जे, के, एम, पी, टी. व्यंजनांची कार्डे पांढरी, स्वरांची फिकट गुलाबी-केशरी. कार्ड दाखवले की मुलाने अक्षराचे नाव आणि मग ध्वनी सांगायचा. नंतर उलट: कार्ड न दाखवता शिक्षिका ध्वनी उच्चारणार आणि मुलाने अक्षर ओळखायचे. मग ते अक्षर गिरवायचे, पाहून लिहायचे, न पाहता लिहायचे. डोळा, कान आणि हात या तिघांचे दुवे प्रत्येक अक्षरापाशी असे दोन्ही दिशांनी बांधले जात. एवढे पक्के झाल्यावरच शब्द: ‘हॅट’, ‘बिट’, ‘मॅप’. शब्द आधी ध्वनी जुळवून वाचायचा. लेखनासाठी शिक्षिकेने शब्द म्हटला की मुलाने तो स्वतः म्हणायचा, त्यातली अक्षरे क्रमाने सांगायची, प्रत्येक अक्षर काढताना त्याचे नाव उच्चारायचे आणि शेवटी लिहिलेले वाचायचे. न शिकवलेला एकही ध्वनी शब्दात येऊ द्यायचा नाही. पुढे इंग्रजी स्पेलिंगचे नियमही असेच एकेक करून येत.

यात एक कडक अट होती. हे शिक्षण चालू असताना मुलाला वर्गात इतर काहीही वाचायला लावायचे नाही, कारण अंदाजाने वाचायची सवय पुन्हा जडते. इतिहास-भूगोल त्याला वाचून दाखवायचा. पन्नास मुलांच्या वर्गात हे कसे जमवायचे, असे कुणी विचारले तर त्यात चूक नाही. पण त्या अटीमागे मुलाच्या बुद्धीविषयीचा विश्वास आहे: वाचता येत नाही म्हणून त्याचे ज्ञान थांबता कामा नये.

ही रीत चालते का, आणि का चालते? उत्तर आले ते उच्चारशास्त्राकडून. अमेरिकेतील हॅस्किन्स प्रयोगशाळेच्या इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये लहान मुलांना एक खेळ दिला. शब्द ऐकायचा आणि त्यात जितके तुकडे असतील तितक्या वेळा लाकडी दांडीने टेबलावर ठोकायचे. उच्चाराचे मोठे तुकडे, म्हणजे ‘क-म-ळ’सारखे, मोजणे चार वर्षांच्या जवळजवळ निम्म्या मुलांना जमले. पण एकेक वर्ण मोजणे त्या वयात एकालाही जमले नाही. सहा वर्षांच्या, शाळेत वाचायला शिकू लागलेल्या मुलांत हे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. बोलण्यात वर्ण सुटे नसतातच, ते एकमेकांत मिसळलेले असतात. ते वेगळे काढणे हे मेंदूपुढचे अवघड काम आहे, आणि डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांचे घोडे नेमके येथे अडते.

ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात याचा पुढचा पुरावा दिला. चार-पाच वर्षांच्या ४०३ मुलांची ध्वनी ओळखण्याची क्षमता त्यांनी वाचन शिकण्याआधी तपासली. त्यांतल्या कमकुवत ६५ मुलांचे चार गट करून दोन वर्षांत प्रशिक्षणाच्या ४० बैठका घेतल्या. (एका गटाला प्रशिक्षण दिले नाही.) सर्वांत पुढे गेला तो ध्वनींचे खेळ आणि प्लास्टिकची अक्षरे ही दोन्ही एकत्र मिळालेला गट, आणि शुद्धलेखनात तर ठळकपणे. गिलिंगहॅम यांच्या कार्डांत हेच होते.

त्यांच्या पद्धतीचा प्रत्येक भाग सिद्ध झाला आहे, असे मात्र नाही. ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध क्रमवार शिकवल्याने फायदा होतो, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाच्या २००० सालच्या अहवालाने दाखवले. पण गिलिंगहॅम-परंपरेतील अभ्यासांचा जो एकत्रित आढावा २०२१ मध्ये निघाला, त्यात सरासरी फायदा दिसूनही तो निःशंक म्हणावा इतका भरला नाही. अक्षर बोटाने गिरवण्याने स्वतंत्रपणे किती भर पडते, हे अजून वादाचे आहे. खरकागदाची अक्षरे माँटेसोरीबाईंपासून ताराबाई मोडकांपर्यंत आपल्या परिचयाची आहेत. ती जरूर वापरावीत, पण बोट फिरते आहे आणि तोंड गप्प आहे असे होऊ देऊ नये.

आता मराठीकडे. आपल्या लिपीचे एकक अक्षर आहे, वर्ण नव्हे. ‘कमळ’ची तीन अक्षरे लिबरमन यांच्या चार वर्षांच्या मुलांनाही ऐकू येतील, म्हणून सुरुवात सोपी जाते. अडचण पुढे येते. ‘कि’मधली वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. ‘अर्क’मधला र उच्चारात कच्या आधी, लिहिताना कच्या डोक्यावर, ‘चक्र’मध्ये तोच र कच्या पोटात. येथे अक्षराच्या आतला वर्ण सुटा ऐकता यायला हवा. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कन्नडच्या अभ्यासात दिसले की मुलांचे अक्षरज्ञान पहिलीत संपत नाही, ते पुढे काही वर्षे वाढत राहते आणि वर्णांची जाणीवही सावकाश येते. म्हणून तिसरीतले मूल जोडाक्षराला अडले तर त्यावर लगेच शिक्का मारू नये, आणि चौथी-पाचवीतही प्रत्येक ओळ अडखळत, फार हळू वाचत असेल तर ‘येईल हळूहळू’ म्हणून सोडूनही देऊ नये. इटालियनसारख्या नियमित लेखनाच्या भाषेत डिस्लेक्सिया असलेली माणसे इंग्रजीभाषकांपेक्षा अचूक वाचतात, पण वाचताना त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा तोच भाग कमी काम करताना आढळतो, हे २००१ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चुका कमी म्हणून अडचण नाही, असे समजता येत नाही.

महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देऊ केल्या, आणि याबाबत ते देशात पहिले होते. मराठीतून तपासणी करता येईल अशी ‘डाली’ ही चाचणी २०१५ मध्ये आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. सवलतींमुळे असंख्य मुले दहावीची भिंत ओलांडू शकली, यात शंका नाही. पण जादा वेळ आणि लेखनिक मिळाल्याने मुलाला वाचता येत नाही. प्रमाणपत्रासाठी धावपळ नववीत सुरू होते, आणि वर्णांचे काम दुसरी-तिसरीत व्हायला हवे असते.

त्याला साहित्य फारसे लागत नाही. ‘मान’मधला म् काढला तर काय उरते? ‘आन’. ‘पाट’च्या जागी ‘पाठ’ म्हटले तर कोणता आवाज बदलला? ‘चक्र’ म्हणताना क् आणि र यांत आधी कोण? प्रश्न विचारायचा, उत्तर आले की ते अक्षर मोठ्याने म्हणत पाटीवर लिहून घ्यायचे, आणि लिहिलेले त्यालाच वाचायला लावायचे. हिन्शेलवुड यांनी सांगितल्याप्रमाणे एका वेळी थोडेच, पण दिवसातून दोन-तीनदा: प्रार्थनेनंतर, मधल्या सुट्टीच्या आधी, शाळा सुटताना.