स्टॉकवेल, सकाळी १०:०६

लंडन, २२ जुलै २००५.

पहाटे ४:५५. आदल्या दिवशी भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये ठेवलेले बॉम्ब फुटता फुटता राहिले. एका बॅगेतल्या जिमच्या कार्डावरून स्कॉशिया रोडचा पत्ता लागला. आदेश निघतो: तिथून बाहेर पडणाऱ्याला वाटेतच अडवा. त्यासाठी सशस्त्र पथक लागणार.

९:३३. पथक अजून पोचलेले नाही. त्याच इमारतीत राहणारा जीन चार्ल्स डी मेनेझिस, २७ वर्षांचा ब्राझिलियन इलेक्ट्रिशियन, घराबाहेर पडतो. पाळतीवरचा माणूस नेमका लघवीला गेलेला. कॅमेरा चालू होतच नाही.

९:४७ च्या सुमारास. ब्रिक्स्टनला बसमधून उतरतो, स्टेशन बंद दिसते, परत बसमध्ये चढतो. मागावर असलेल्यांचा संशय बळावतो.

१० नंतर. स्टॉकवेल. फुकट मिळणारे ‘मेट्रो’ वर्तमानपत्र उचलतो, कार्ड टेकवून गेटमधून आत जातो, गाडीत जाऊन बसतो.

१०:०६. पिस्तुले घेतलेले पोलीस डब्यात शिरतात. डोक्यात सात गोळ्या, खांद्यात एक.

त्यानंतरचे तास. प्रत्यक्षदर्शी वाहिन्यांना सांगू लागतात: अंगात जाडजूड कोट होता, पट्ट्यातून वायरी लोंबत होत्या, तो गेटवरून उडी मारून पळाला. प्रत्यक्षात त्याच्या अंगात साधे डेनिमचे जॅकेट होते. धावत गेट ओलांडणारे बहुधा पोलीसच.

हे प्रत्यक्षदर्शी खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. १९८७ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना रेस्टॉरंटमधल्या प्रसंगाच्या स्लाइड दाखवल्या. काहींना गिऱ्हाइकाच्या हातात चेक दिसला, काहींना बंदूक. नजर बंदुकीवर जास्त वेळा गेली आणि जास्त वेळ खिळली. बंदूकधारी माणूस मात्र कमी आठवला. स्टॉकवेलची प्रत्येक चूक बंदुकीच्या माथी मारता येणार नाही. भीती होती, गोंधळ होता, ‘बॉम्ब’ हा शब्द शहरभर होता. पण पिस्तूल समोर असताना जॅकेटची जाडी कोण बघत बसेल? राहिलेल्या जागा मन संशयाने भरून काढते, आणि त्या भरलेल्या जागाच माणूस छातीठोकपणे सांगतो. बळी गेलेल्याच्या नावावर त्या जमा झाल्या, याचा मला आजही संताप येतो.

१२ डिसेंबर २००८. मृत्यूच्या न्यायालयीन चौकशीचा निकाल. गोळी झाडण्यापूर्वी ‘सशस्त्र पोलीस’ अशी आरोळी दिल्याचे अधिकाऱ्याने साक्षीत सांगितले होते. डब्यातल्या प्रवाशांनी ती ऐकलेली नाही. ज्यूरी प्रवाशांवर विश्वास ठेवते: आरोळी दिलीच नव्हती. बेकायदा हत्येचा निष्कर्ष काढायची मुभा मात्र ज्यूरीला नव्हती, आणि एकाही अधिकाऱ्यावर खटला चालला नाही.